जेएसपी पानांना बाहेरून सेटिंग्ज कशी द्यायची

फुटरमधला हेल्पलाइन नंबर बदलला म्हणून चाळीस जेएसपी फाइली (सर्व्हरवर चालून वेब पान तयार करणाऱ्या जावाच्या फाइली) उघडाव्या लागत असतील, तर तो नंबर चुकीच्या जागी लिहिलेला आहे. अशा व्हॅल्यू वेब-आयएनएफ फोल्डरमधल्या वेब डॉट एक्सएमएल फाइलमध्ये ठेवायच्या आणि पानांनी तिथून वाचायच्या. ही सोय सर्व्हलेटच्या (ब्राउझरच्या रिक्वेस्टला उत्तर देणारा जावाचा प्रोग्राम) स्पेसिफिकेशनमध्येच आहे, वेगळी लायब्ररी लागत नाही. इथे टॅग आणि मेथडची नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत टाइप करा आणि स्मॉल-कॅपिटल काटेकोर पाळा.

१. व्हॅल्यू कोणाची ते ठरवा

सगळ्या पानांना लागणारी व्हॅल्यू कॉन्टेक्स्ट-पॅरॅममध्ये जाते. एकाच पानापुरती असेल, उदाहरणार्थ शोधाच्या निकालात एका वेळी २० ओळी, तर ती त्या पानाच्या इनिट-पॅरॅममध्ये ठेवता येते. ठरत नसेल तर पहिला मार्ग घ्या. दुसऱ्यात खाचखळगे जास्त आहेत.

२. वेब डॉट एक्सएमएलमध्ये नोंद करा

वेब-अ‍ॅप या मूळ टॅगच्या थेट आत कॉन्टेक्स्ट-पॅरॅम टॅग उघडा. त्यात पॅरॅम-नेममध्ये नाव, पॅरॅम-व्हॅल्यूमध्ये नंबर. एका टॅगात एकच जोडी बसते, दुसऱ्या व्हॅल्यूसाठी नवा टॅग लिहायचा. व्हॅल्यू म्हणून लिंक देत असाल आणि तिच्यात अँपरसँड असेल, तर त्याच्यापुढे ‘एएमपी’ आणि अर्धविराम जोडा. नुसता अँपरसँड राहिला की एक्सएमएल वाचताच येत नाही आणि अख्खं अ‍ॅप्लिकेशन सुरू व्हायला नकार देतं. लॉगमध्ये ओळ क्रमांकासकट पार्सिंगची एरर दिसेल.

३. पानावर वाचा

डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, आत इनिटपॅरॅम, टिंब आणि तुमचं नाव. इनिटपॅरॅममधला फक्त ‘पी’ कॅपिटल.

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, कारण चूक झाली तरी एरर येत नाही. नावाचं स्पेलिंग चुकलं की त्या जागी काहीच छापलं जात नाही. इनिटपॅरॅमऐवजी नुसतं पॅरॅम लिहिलं, तर ब्राउझरकडून आलेल्या रिक्वेस्टमधली व्हॅल्यू शोधली जाते, म्हणजे लिंकमध्ये कोणीही हवं ते लिहून तुमच्या पानावर छापू शकतो. नाव ‘हेल्पलाइन-नंबर’ असं हायफनचं असेल, तर हायफन वजाबाकीचं चिन्ह समजलं जातं. दोन्ही बाजूंची नावं सापडत नाहीत आणि पानावर चक्क शून्य उमटतं. हायफन किंवा टिंब असलेलं नाव चौकटी कंसात, अवतरण चिन्हांत लिहा.

डॉलर आणि कंसासकट सगळं जसंच्या तसं पानावर दिसत असेल, तर वेब डॉट एक्सएमएलच्या डोक्यावरची आवृत्ती बघा. २.३ किंवा त्याआधीची असेल तर एक्स्प्रेशन लँग्वेज, म्हणजे डॉलर-कंसाची ही पद्धत, मुळातच बंद असते. आवृत्ती २.४ किंवा पुढची करा.

४. एकाच पानाची व्हॅल्यू

सर्व्हलेट टॅग लिहा, पण सर्व्हलेट-क्लासऐवजी जेएसपी-फाइल द्या. पत्ता तिरप्या रेघेने सुरू झाला पाहिजे. त्याच टॅगात इनिट-पॅरॅम, आणि खाली सर्व्हलेट-मॅपिंग. आता नेमकं हे चुकतं: मॅपिंग ‘शोध’ या पत्त्यावर केलेलं असतं आणि कुठली तरी लिंक किंवा फॉरवर्ड थेट जेएसपी फाइलचा पत्ता वापरते. मग ते पान सर्व्हरच्या सामायिक जेएसपी सर्व्हलेटकडे जातं. त्याला तुमच्या इनिट-पॅरॅमची खबर नसते, म्हणून नल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतं. उपाय सोपा आहे. जेएसपीच्या स्वतःच्या पत्त्याचंही एक मॅपिंग त्याच सर्व्हलेटला द्या. अचूक जुळणारा पत्ता एक्स्टेन्शनच्या नियमाआधी बघितला जातो.

या व्हॅल्यू इनिटपॅरॅममध्ये दिसत नाहीत, कारण त्यात फक्त कॉन्टेक्स्ट-पॅरॅम असतात. टॉमकॅट या जेएसपी चालवणाऱ्या सर्व्हरच्या आवृत्ती ७ पासून पेजकॉन्टेक्स्ट, टिंब, सर्व्हलेटकॉन्फिग असं लिहून पुढे गेटइनिटपॅरॅमीटर ही मेथड एक्स्प्रेशनमध्येच बोलावता येते.

५. आकडे सुरुवातीलाच तपासा

मिळणारी प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते, ‘२०’ सुद्धा. मजकुराचा आकडा करणाऱ्या पार्सइंट मेथडला नल गेलं की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येतं, आणि ते ग्राहकाच्या स्क्रीनवर येतं. त्यापेक्षा सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनर, म्हणजे सगळं सुरू होतानाच चालणारा क्लास, लिहा. त्याच्या कॉन्टेक्स्टइनिशलाइज्ड मेथडमध्ये कॉन्टेक्स्ट-पॅरॅम वाचा, आकड्यात बदला, सेटअ‍ॅट्रिब्यूटने ठेवा. नाव सापडलं नाही तर एक्सेप्शन फेका आणि मेसेजमध्ये ते नाव लिहा. मग टॉमकॅट अ‍ॅप्लिकेशन सुरूच करत नाही, आणि रात्री अकराला फोन येण्याऐवजी चूक डिप्लॉय करतानाच कळते.

६. टेस्ट आणि प्रॉडक्शन वेगळे ठेवा

वॉर फाइल (सर्व्हरवर चढवायची, सगळं एकत्र बांधलेली फाइल) एकच हवी आणि व्हॅल्यू सर्व्हरप्रमाणे वेगळ्या. टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमध्ये कॅटलिना, त्यात लोकलहोस्ट, आणि तिथे अ‍ॅप्लिकेशनच्या नावाची एक्सएमएल फाइल ठेवा. तिच्या कॉन्टेक्स्ट टॅगमध्ये पॅरॅमीटर टॅग लिहून नेम आणि व्हॅल्यू द्या. सोबत ओव्हरराइड इक्वल टू फॉल्स लिहायला विसरू नका. ते नसेल तर वेब डॉट एक्सएमएलमधली त्याच नावाची व्हॅल्यू वरचढ ठरते आणि प्रॉडक्शनवर टेस्टचा नंबर झळकतो. डेटाबेसचा पासवर्ड मात्र यातल्या कुठल्याच पॅरॅमीटरमध्ये नको, कारण तो प्रत्येक पानाला वाचता येतो. त्यासाठी सर्व्हरवर डेटासोर्स (डेटाबेसच्या जोडणीची नोंद) तयार करा आणि कोडमधून जेएनडीआयने (नावावरून गोष्ट शोधून देणारी जावाची सोय) मागवा.