कोरीची पिल्लं तिसऱ्या आठवड्यात का जातात? या चुका टाळा

अंड्यांतून चाळीसेक पिल्लं निघाली, दहा दिवस छान पळापळ केली आणि तिसरा आठवडा संपेपर्यंत बोटांवर मोजण्याइतकी उरली. कोरीडोरास, म्हणजेच कोरी, हा घरच्या टाकीत पाळला जाणारा, तळाशी राहणारा छोटा मिशीवाला मासा. त्याची अंडी उबवणाऱ्या बहुतेकांनी हे एकदा तरी पाहिलेलं असतं. मीही पाहिलं. पहिल्या खेपेला मी रोज पाणी तपासत होतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, म्हणजे घाणीतून पाण्यात उतरणारी विषं नाहीत. तरी सकाळी दिवा लावला की दोन-तीन पिल्लं आडवी पडलेली. शेवटी वैतागून टाकी रिकामी केली आणि तळाच्या काचेवरून बोट फिरवलं. बोटाला राखाडी, बुळबुळीत थर लागला आणि त्याला कुजका वास येत होता. तपासायला पाणी मी वरून घेत होतो, पिल्लं मात्र त्या थरावर पोट टेकून बसत होती.

पुढच्या बऱ्याचशा चुका इथूनच सुरू होतात.

अंडी

अंड्यांचं फार अवघड नाही. चोवीस-पंचवीस अंश तापमानाला ती साधारण 3 ते 5 दिवसांत फुटतात. फळलेली अंडी हळूहळू तपकिरी होतात. पांढरी पडून कापूस धरलेली काढून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते. मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) घालायचं तर पाण्याला फिकट निळी झाक येईल इतकंच, आणि पिल्लं निघाली की पाणी बदलत ते उतरवायचं. इथली नेहमीची चूक म्हणजे घाई. पिल्लू दिसलं की लगेच खाणं टाकलं जातं. त्याच्या पोटाला बलकाची पिशवी असते, पहिले दोनेक दिवस त्यावरच निघतात. तेव्हा टाकलेलं सगळं नुसतं सडतं.

पोट बघा, मग खाणं घाला

पिल्लांना भुकेलं ठेवलं तर ती मरतात, म्हणून आपण जास्त घालतो. मग तळ सडतो आणि ती त्यानं मरतात. यातून मार्ग काढायला अंदाज नको, टॉर्च हवा. पिल्लाचं पोट पारदर्शक असतं. नुकती अंड्यातून फुटलेली आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) खाल्ली की ते चक्क नारिंगी दिसतं. खाणं घातल्यावर अर्ध्या तासानं टॉर्च तिरका धरून बघा. दहापैकी आठ-नऊ पोटं नारिंगी असतील तर प्रमाण बरोबर आहे. पोटं नारिंगी आहेत आणि तळाशीही केशरी सडा पडलाय, तर पुढच्या वेळी निम्मं करा.

आर्टेमिया खाऱ्या पाण्यातली, गोड्या पाण्यात काही तासांत मरते. म्हणून एकदाच भरपूर घालण्यापेक्षा दिवसातून तीनदा थोडी-थोडी बरी. घालण्याआधी टरफलं वेगळी करून मीठ धुऊन घ्या. मायक्रोवर्म (बारीक जिवंत किडे) पहिल्या आठवड्यासाठी उत्तम, कारण ते तळाला जातात आणि तिथे बराच वेळ वळवळत राहतात. पूड खाणं मात्र वर तरंगतं आणि कोरीचं पिल्लू त्यासाठी वर येत नाही. पूड द्यायचीच तर वाटीत पाण्यात कालवून ड्रॉपरनं तळाशी सोडा. उकडलेल्या अंड्याचा बलक देणारे लोक आहेत. मी देणार नाही. एवढ्याशा टाकीतलं पाणी बलकाइतकं पटकन दुसरं काही नासवत नाही.

सफाई

पहिले काही आठवडे मी तळ उघडाच ठेवतो, वाळू नाही. घाण दिसते आणि ओढून काढता येते. एअर पंपाची बारीक नळी घ्या, सायफन लावा आणि दुसरं टोक पांढऱ्या भांड्यात सोडा. पांढरं यासाठी की ओढली गेलेली पिल्लं त्यात दिसतात. पाणी फेकण्याआधी पाच मिनिटं तसंच राहू द्या. आठवड्यातून दोनदा तळाची काच मऊ स्पंजनं पुसायची, कारण तो बुळबुळीत थर नळीनं निघत नाही. दोन-चार रॅम्सहॉर्न गोगलगाई उरलंसुरलं खाऊन मदत करतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

रोज पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. गार पाण्याची बादली मोठ्या कोरींना अंडी घालायला उठवते, पिल्लांना मात्र झोपवते. फिल्टर स्पंजचाच, आणि तोही चालू टाकीत मुरलेला. नव्या कोऱ्या स्पंजमध्ये घाण पचवणारे जिवाणू नसतात, तो नुसते बुडबुडे काढतो. पाण्याची उंची सुरुवातीला 10 ते 15 सेंटीमीटर पुरे. कोरी वर येऊन हवा गिळते आणि आतड्यातून प्राणवायू घेते. अधूनमधून एखादी धाव दिसली तर घाबरू नका. सगळीच पिल्लं सारखी वर पळत असतील तर मात्र आधी पाणी बदला, कारण नंतर शोधा.

मिश्या आखूड किंवा झिजलेल्या दिसल्या की सहसा दोष तळाच्या घाणीचा असतो. तळ स्वच्छ राहिला तर त्या बऱ्याचदा पुन्हा वाढतात. अशा वेळी हाताला लागेल ते औषध ओतू नका. तांबं असलेली औषधं आणि मिठाचे मोठे डोस कोरीला सोसत नाहीत.

मोठ्या टाकीत नेताना

दोन ते अडीच सेंटीमीटरच्या आत हलवू नका, नाहीतर बाकीच्या माशांना ती आयती मेजवानी. हलवताना जाळी नको. कोरीच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. त्याला पेल्यात घेरा आणि पाण्यासकट उचला.

नव्या टाकीत बारीक, गुळगुळीत वाळू द्या. कोरी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकते. धारदार खडीत हे जमत नाही. आणि ‘कोरी टाकी साफ करते’ हे डोक्यातून काढा. इतरांचं उरलेलं खाऊन पिल्लू वाढत नाही. दिवा मालवल्यावर बुडणारी गोळी त्यांच्यासाठी वेगळी टाका. तापमान जातीप्रमाणे ठेवा: स्टर्बाईला 26 अंश मानवतात, पालिएटसला ते जास्त होतात, पांडालाही थोडं गारच बरं. (2024 मध्ये कोरीडोरास हे प्रजातीनाम शास्त्रज्ञांनी अनेक नावांत विभागलं. पांडा आता हॉप्लिसोमा पांडा. माशांना याची खबर नाही, तुम्ही जुनं नाव वापरलं तरी चालेल.)

नर-मादीचा अंदाज बाजूनं घेऊ नका, वरून बघा. मादी मधोमध रुंद दिसते. ब्राँझ कोरी साधारण वर्षभरात अंडी घालण्याजोगी होते. एखाद्या दिवशी पाणी बदलल्यावर काचेवर अंडी दिसतील. ती उचलण्याआधी आधीच्या खेपेची मोठी भावंडं पिल्लांच्या टाकीतून हलवलीत का, ते बघा.