कोलोनला ट्रॅप कॉन्सर्ट? वेगळं ट्रेनचं तिकीट काढण्याआधी हे बघा

अमेरिकन रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या वळणाचा, धुक्यात घुमणारा ट्रॅप (रॅप संगीताचा एक प्रकार) लाइव्ह ऐकायला जर्मनीतले आपले बरेच जण कोलोनच्या लँक्सेस अरेनाला जातात. कॉन्सर्टच्या दिवशी तिथली हॉटेलं महाग होतात आणि जायच्या-यायच्या ट्रेनचे पैसे वेगळे जातात.

यातला ट्रेनचा खर्च बहुतेकदा वाचतो. कॉन्सर्टच्या तिकिटावर बारीक अक्षरात ‘व्हीआरएस’चा (कोलोन-बॉन भागातल्या सार्वजनिक वाहतूक संघाचा) शिक्का आहे का, ते बघा. असेल तर तेच तिकीट स्थानिक ट्राम, बस आणि रीजनल ट्रेनला चालतं. साधारण कार्यक्रमाच्या चार तास आधीपासून पहाटे तीनपर्यंत, पण नेमकी वेळ तिकिटावर वाचा.

१. राहायला बॉन घ्या. तेही व्हीआरएसच्या हद्दीत येतं, आणि रीजनल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपासचं अंतर आहे.
२. तिकिटावरची प्रवासाची वेळ सुरू झाली की लगेच निघा आणि कोलोन मुख्य स्टेशनला उतरा. बाहेर पडताच समोर डोम, म्हणजे कोलोनचं प्रसिद्ध कॅथेड्रल. मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढायच्या असतील तर त्या वेगळ्या दिवशी चढा, कॉन्सर्टला पाय शाबूत हवेत.
३. मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग अरेनात सोडत नाहीत.
४. होहेनझोलर्न पुलावरून ऱ्हाइन नदी चालतच ओलांडा. कठड्यावर प्रेमिकांनी लावलेली हजारो कुलुपं आहेत, आणि पलीकडच्या डॉइट्झ भागाच्या काठावरून मागे वळून दिसणारा डोम सगळ्यात देखणा. अरेना तिथून जवळच.

आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या ट्रेनमध्ये मात्र या तिकिटावर चढू नका. तिथे ते चालत नाही.