देणगीसाठी डोंगर चढताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की नागपुरात असे मेसेज फिरू लागतात: "आम्ही केदारकंठा चढतोय, सिकलसेलच्या लेकरांसाठी. मीटरमागे एक रुपया द्या." सिकलसेल म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि केदारकंठा हे उत्तराखंडातलं शिखर. त्याची उंची सुमारे ३,८१० मीटर, म्हणजे एका माणसाचे ३,८१० रुपये. हिशेब चटकन पटतो. पहिल्या वर्षी आम्हीही हेच लिहिलं होतं, आणि आमची सगळ्यात मोठी चूक त्यातच होती.

आमच्यातल्या एकाच्या गल्लीनं ठरवलं होतं की टोक गाठलं तरच पूर्ण रक्कम. शेवटच्या तळावर, सुमारे ३,४०० मीटरवर, संध्याकाळपासून त्याचं डोकं ठणकत होतं. तो बोलला नाही. रात्री निघायच्या वेळी बुटाची नाडी घेऊन बसला, गाठ काही बसेना. गाइडनं उठवलं आणि एका पायाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच लावत सरळ चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तो तंबूच्या दोरीवर कलंडला. उंचीवर असा तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असते. तिथे गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते, लगेच उतरवायचं असतं. दोघांनी धरून त्याला अंधारातच खाली नेलं. उजाडल्यावर त्यानं चहा मागितला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. "सांगितलं असतं तर पोरांचे पैसे गेले असते ना दादा," तो म्हणाला.

तेव्हापासून आमच्या मेसेजची पहिली ओळ ठरलेली आहे: आम्ही कुठूनही परतलो तरी देणगी पूर्ण जाईल. पैसेही निघण्याआधीच संस्थेकडे जमा करून घेतो. मीटरचा हिशेब हवाच असेल तर शहरातल्या सरावाला लावा. जिन्याच्या पायऱ्या मोजा, सेमिनरी हिल्सच्या फेऱ्या मोजा.

दुसरी चूक उंचीला हलकं घेण्याची. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. इथे कितीही दम कमावला तरी विरळ हवेची सवय इथे होत नाही, ती वर मुक्काम करूनच होते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा नियम आहे. केदारकंठ्याच्या नेहमीच्या कार्यक्रमात जुडा का तालाब (सुमारे २,७५० मीटर) ते शेवटचा तळ (सुमारे ३,४०० मीटर) ही उडी एका दिवसातच घेतात. सुटी वाचवायच्या नादात आम्हीही तेच केलं. आता मध्ये एक मुक्काम वाढवतो. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, तर तेही खाली उतरायचंच लक्षण समजा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

आता खास आपल्या विदर्भाची गोष्ट, जी बाहेरचे ट्रेकवाले सहसा विचारत नाहीत. सिकलसेलचे वाहक, म्हणजे ज्यांना हा दोष एकाच पालकाकडून आलेला असतो आणि तपासणीत एएस पॅटर्न येतो असे लोक, एरवी ठणठणीत असतात. कित्येकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं. पण जास्त उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की काहींच्या रक्तपेशी वाकड्या होऊन प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो आणि डाव्या बरगडीखाली जीवघेणी कळ येते. कुणी चढण्यामुळे पोटात गोळा आला असं समजून ती कळ सोसत बसतो. सिकलसेलसाठी पैसे गोळा करायला निघालात, तर आधी स्वतःची तपासणी करा. रक्ताची सोल्युबिलिटी टेस्ट साधी असते, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करतात. वाहक निघालात तर डॉक्टरांशी बोलून कमी उंचीचा डोंगर घ्या. धूपगड सुमारे १,३५० मीटर, कळसूबाई १,६४६ मीटर. देणारे तेवढ्याच आनंदानं देतात.

पैशांत होणारी चूक बहुतेक वेळा चांगल्या मनानंच होते. आपल्याच फोनचा क्यूआर पाठवायचा, जमलेल्यातून रेल्वेचं तिकीट नि ट्रेकची फी काढायची, उरलेलं संस्थेला द्यायचं. असं करू नका. आपला खर्च आपल्या खिशातून, देणगी थेट संस्थेच्या खात्यात. देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) पावती संस्थाच देऊ शकते, त्यासाठी देणाऱ्याचा पॅन नंबर आधीच घ्या. २,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर त्यावर सवलत मिळत नाही, आणि सवलत फक्त जुन्या कर पद्धतीत आहे. देणाऱ्या काका-काकूंना हे आधी सांगितलं की मार्चमध्ये त्यांचा हिरमोड होत नाही. परदेशातल्या भाच्याचा पासपोर्ट भारतीय असेल, तर त्याच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत चालतात. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी लागते.

सरावात सगळे चढण्यावर जोर देतात आणि गुडघे उतरताना जातात. दहा मजले चढून लिफ्टनं खाली येऊ नका, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची बॅग घेऊन पायऱ्यांनीच उतरा. नवे बूट निदान महिनाभर वापरून पायाला रुळवा. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या यासाठी छान. वर थंडीत फोनची बॅटरी बसते, तो आतल्या खिशात ठेवा.

परतल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक देणगीदाराला दोन गोष्टी पाठवा: संस्थेनं दिलेला जमा रकमेचा कागद, आणि आपण कुठपर्यंत पोचलो ते. अर्ध्यातून परतला असाल तर तेही लिहा. त्या वर्षी आम्ही लिहिलं, आणि त्या गल्लीनं ठरलेली रक्कम पूर्ण दिली.