मृगाची वाट पाहू नका, कुंडीखालची ताटली आजच काढा

ॲमॅरिलिस कंद, मे अखेर ते ऑगस्ट: खिडकीत, गॅलरीत आणि शेडमध्ये कुंड्या सांभाळणाऱ्यांसाठी

ॲमॅरिलिसचं फूल सरलं की त्या कुंडीकडे कोणी बघत नाही. चैत्रात जिच्या फुलांचे फोटो सगळ्या नातेवाइकांना गेले, ती कुंडी मे अखेरीला गॅलरीच्या कोपऱ्यात सरकवलेली असते आणि खाली प्लॅस्टिकची ताटली तशीच असते. पाऊस सुरू होतो, वाऱ्याबरोबर झड आत येते, ताटली भरते. जुलैत पानं पिवळी पडतात. खत कमी पडलं असं समजून वर खत घातलं जातं. ऑगस्टमध्ये कोणीतरी पिवळं पान ओढतं, ते अलगद हातात येतं आणि मातीत कंदाच्या जागी तपकिरी लगदा उरलेला असतो.

घरातल्या चार कुंड्या असोत की पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत मांडलेल्या शंभर, पावसाळ्यात मेलेला कंद उकरून बघितला की बहुतेक वेळा हेच कारण सापडतं: बुडाशी साचलेलं पाणी. नर्सरीत ताटली नसते, पण कुंड्यांखाली अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकला खोलगट जागा पडते आणि ती ताटलीचंच काम करते. म्हणून खत, फवारणी, नवी जात या सगळ्याच्या आधी यंदाही हेच सांगतोय.

आणि घाई करा. मोसमी पाऊस मुंबईत पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच दाखल झाला. मृग लागला की बघू, असं म्हणणाऱ्यांच्या कुंड्या त्या वर्षी रोहिणीतच भिजल्या. वळवाच्या एका सरीनेही ताटली काठोकाठ भरते. हे काम पाच मिनिटांचं आहे, ते आज संध्याकाळी करा.

ताटली का ठेवली जाते, हे मला चांगलं ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी ठिबकतं आणि सोसायटीत तक्रार जाते. ती अडचण खरी आहे. ताटली काढणं शक्यच नसेल तर तिच्यात विटेचे किंवा फरशीचे तीन तुकडे मांडा आणि कुंडी त्यांच्यावर बसवा. कुंडीचं बूड ताटलीच्या काठाच्या वर आलं पाहिजे. काठाच्या खाली राहिलं तर तुकडे ठेवूनही उपयोग नाही. पाऊस थांबला की ताटली ओता. दुसरा उपाय म्हणजे पावसाचे तीन महिने कुंडी घरात खिडकीशी घ्या, जिथे झड लागत नाही पण उजेड मिळतो. पूर्वेची खिडकी उत्तम.

या झाडाला पाणी का सोसत नाही, ते कंद हातात घेतला की कळतं. दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या भागांतलं हे झाड. कोरडा काळ काढण्यासाठी ते पाणी आणि अन्न कांद्यासारख्या पापुद्र्यांत साठवून ठेवतं. मुळं जाड, पांढरी, मांसल असतात आणि त्यांना हवा लागते. माती सतत पाण्यात राहिली की आधी मुळं पोकळ होतात. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटते आणि आत फक्त दोरा राहतो. मग सड बुडाच्या चकतीत शिरते. ही चकती म्हणजे कंदाचा जीव आहे, मुळं आणि पानं दोन्ही तिच्यातूनच निघतात. वरचे पापुद्रे सडले तर कंद वाचवता येतो, चकती गेली तर नाही.

आजच करायची तपासणी

कंद दोन बोटांत धरून हलकेच हलवा. घट्ट बसलेला असेल तर मुळं शाबूत आहेत. डुगडुगला तर ताबडतोब उपसून बघा, पानं हिरवी दिसतात म्हणून थांबू नका. सड लागल्यावरही पानं काही आठवडे कंदातल्या साठ्यावर हिरवी राहतात आणि इथेच लोक फसतात. मानेजवळ, म्हणजे पानं बाहेर पडतात त्या कंदाच्या निमुळत्या टोकाशी, अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागता कामा नये. कुंडी उचलून भोकाशी वास घ्या. कुजका, आंबूस वास आला तर वाट बघू नका. माझा आणखी एक ठोकताळा आहे, कुठल्या शिफारशीत तो सापडणार नाही: कुंडीच्या मातीवर बारीक काळी चिलटं उडायला लागली की माती गरजेपेक्षा जास्त ओली आहे असं समजा आणि पुढचं पाणी चुकवा.

दुसरी गोष्ट मानेची. कंद पूर्ण मातीत पुरू नका. वरचा निदान तिसरा हिस्सा, शक्यतो अर्धा कंद, उघडा दिसला पाहिजे. नर्सरीतून आणलेल्या कुंडीत बरेचदा वरून कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर दिलेला असतो. दिसायला छान दिसतो, पण मानेभोवती तो ओला बोळा गुंडाळल्यासारखा राहतो. हाताने खरवडून काढा. पाणी घालताना ते कडेने घाला, पानांच्या बेचक्यात ओतू नका.

नेहमीची कामं

- सुकलेला दांडा बुडापासून दोन बोटं ठेवून कापा.
- हिरवी पानं कापू नका, गाठी मारू नका.
- कुंडी कंदापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठी, बुडाला भोकं हवीतच.
- माती: दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळ खत, मूठभर निंबोळी पेंड.
- पाणी: वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच.
- खत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला १ ग्रॅम, १५ दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. सप्टेंबरनंतर बंद.
- घरात ठेवलेली कुंडी आठवड्यातून एकदा पाव फेरा फिरवा.

पानं कापू नका हे पुन्हा सांगतो, कारण फुलं सरल्यावर 'साफसफाई' म्हणून पानं छाटणारे पुष्कळ आहेत. कंदाच्या आत साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा तयार होतो. आज पानं गेली की पुढच्या चैत्रातलं फूल गेलं.

आणि पानांचा दुसरा शत्रू पहिल्या पावसाबरोबरच येतो: लिलीची अळी. शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी. आपल्याकडच्या कळलावीच्या वेलावरही हीच अळी असते. पतंग गडद रंगाचा, अंगावर लाल-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी. अळी काळी, त्यावर पांढरे आणि लालसर ठिपके. पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्याने अंडी घातलेली असतात. बारीक अळ्या एकत्र राहून आधी पानाचा हिरवा थर खरवडतात, पान पारदर्शक चट्ट्यासारखं दिसतं. तेव्हा लक्ष गेलं तर एक पान कापून काम भागतं. आठवडाभर दुर्लक्ष झालं तर अळ्या बोटाएवढ्या होतात आणि रात्रीतून कुंडी बोडकी करून मानेपर्यंत उतरतात. जून-जुलैत रोज सकाळी चहा होईपर्यंत पानं उलटून बघा. घरातल्या कुंड्यांसाठी फवाऱ्याची गरजच नाही, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. नर्सरीत संख्या मोठी असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबणचुरा घालून. फवारणी संध्याकाळी, उघडीप बघून. अळ्या लहान असतील तर बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) पावडरही लेबलवरच्या मात्रेत चालते. घराच्या आत कुठलंही रासायनिक कीटकनाशक मारू नका.

पानांवर आणि दांड्यावर लाल-तांबूस लांबट डाग दिसले, पान त्या जागी वाकडं झालं, तर तो बुरशीचा लाल करपा. तो ओल्या पानांवर फोफावतो. डागी पान कापून टाका, कुंड्यांत अंतर ठेवा, डाग वाढतच असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम फवारा, गॅलरीबाहेर मोकळ्यावर नेऊन. पानांवर पिवळे-हिरवे पट्टे आणि झाड खुरटलेलं दिसलं तर तो विषाणू आहे, त्यावर औषध नाही. कंदासकट कुंडी वेगळी काढून नष्ट करा. मुंग्यांची रांग कुंडीवर चढताना दिसली तर कंदाचे सुटे पापुद्रे बाजूला करून बघा, आत पिठ्या ढेकूण असतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून घ्या.

आता दुकानदाराबद्दल. पिवळं पान घेऊन दुकानात गेलात की हातात तीन पुड्या पडतात: मुळं वाढवण्यासाठी म्हणून ह्युमिक, 'फ्लॉवर बूस्टर' आणि महिन्याच्या आळवणीसाठी (द्रावण मुळाशी ओतण्यासाठी) बुरशीनाशक. कुंडी कुठे ठेवली आहे, खाली ताटली आहे का, हे फार थोडे दुकानदार विचारतात. पाण्यात बसलेल्या कुंडीत आळवणी करणं म्हणजे आणखी पाणी ओतणं. मुळंच नसलेल्या कंदाला बूस्टर कुठून लागणार? तो पैसा वाळू आणि एका मातीच्या कुंडीवर खर्च करा. मातीची कुंडी अंगातून ओल बाहेर टाकते, चिनी मातीची आणि प्लॅस्टिकची टाकत नाही.

कंद विकत घेतानाही तेच. परदेशी जातींचे कंद घेराच्या सेंटिमीटरवर विकले जातात, तेव्हा पाकिटावरचं चित्र सोडा आणि शिंप्याची टेप लावा. २० सेंटिमीटरच्या आतला कंद पहिल्या वर्षी बहुधा फुलत नाही. पावसाळी हवेत सगळ्यांत खंबीर मला जुनी लाल फुलांची, पाकळीवर पांढरी रेघ असलेली जात वाटते, कोकणातल्या अंगणांत दिसते ती. इंग्लंडमधल्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने १७९९ च्या सुमारास पहिला संकर केला, ही त्याच वळणाची. शेजाऱ्याकडून तिचं एक पिल्लू (मोठ्या कंदाला फुटलेला लहान कंद) मागून घ्या, फुकट मिळेल.

सड लागलेला कंद वाचवायचा असेल तर

उपसा, माती धुऊन टाका, धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्या. तपकिरी भाग पांढरा गर लागेपर्यंत काप काप करून काढा. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. पोकळ मुळं कात्रीने छाटा. मग कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या लिटरला २ ग्रॅम द्रावणात अर्धा तास बुडवा, हातमोजे घालून आणि स्वयंपाकघरातलं भांडं न वापरता. सावलीत, वाऱ्यावर, तीन-चार दिवस सुकू द्या. कापावर मी लाकडाची चाळलेली राखही दाबतो. शिफारशीत ती नाही, पण काप लवकर कोरडा पडतो असा अनुभव आहे. नंतर नुसत्या ओलसर वाळूत, चकती जेमतेम टेकेल असा बसवा. नवी मुळं फुटेपर्यंत खत नाही आणि पाणी अगदी नावापुरतं. नव्या मातीत भरताना किलोभर शेणखताला २५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (सडवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा, पण बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊ नका, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. सडका लगदा घाण मारत असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल, तर ती जिवाणूंची सड आहे. त्यावर पैसे घालवू नका. तो कंद आणि ती माती दोन्ही बाहेर, खताच्या खड्ड्यातही नको.

पुढचं थोडक्यात: दसऱ्यानंतर पाणी कमी करत आणा, तुळशीच्या लग्नानंतर बंद करा. पुण्या-नाशिकची थंडी या झाडाला मानवते. मुंबई-कोकणात थंडी नसते, तिथे आठ ते दहा आठवड्यांचा कोरडा ताणच विश्रांतीचं काम करतो. संक्रांत झाली की पहिलं पाणी द्या, तेही थोडं. दांडा डोकं वर काढेपर्यंत हात आखडता ठेवा.

एक सूचना घरातल्यांसाठी. या कंदात लायकोरिन नावाचं विष असतं. सुकायला ठेवलेला कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो. कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ तो ठेवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर नाव लिहा. कुत्रं, मांजर, रांगतं मूल यांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि कंद कापून झाल्यावर हात साबणाने धुवा.