मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं? या चुका टाळा

मोतीबिंदू निघाल्याचं कळलं की घरात पहिला सल्ला मिळतो, "अजून पिकू दे, मग काढू." एके काळी तो बरोबर होता. तेव्हा मोठा छेद देऊन अख्खं भिंग बाहेर काढायचे आणि नंतर आयुष्यभर जाड काचांचा चष्मा लागायचा, म्हणून जमेल तितकं थांबायचे. आता फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंगाचा चुरा करून ओढून घेतात आणि तिथेच कृत्रिम भिंग बसवतात. मोतीबिंदू जितका कडक, तितकी तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज येण्याचा धोका वाढतो. फारच पिकला तर डोळ्याचा दाब चढून डोळा लाल होतो, ठणकतो. मग ऑपरेशन घाईत आणि जोखमीत करावं लागतं.

उलट टोकही चुकीचं आहे. तपासणीत सुरुवातीचा मोतीबिंदू दिसला, पण कामं नीट होताहेत, तर लगेच टेबलावर झोपायची गरज नसते. सहसा निर्णय ठरतो तो तुमच्या रोजच्या कामांवरून. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात का? एसटीची पाटी वाचता येते का? तांदळातला खडा दिसतो का? जिन्याची शेवटची पायरी चुकते का? हे डॉक्टरांना आपणहून सांगा. अंधाऱ्या खोलीत तक्ता बऱ्यापैकी वाचणारा माणूस उन्हात बाहेर पडला की चाचपडतो, असं होतं. भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू असला की हा त्रास जास्त जाणवतो, आणि तो मधुमेहात किंवा स्टिरॉइड घेणाऱ्यांत बराच दिसतो. "ठीक दिसतंय" एवढंच सांगितलंत तर तक्त्यावर तो निसटू शकतो.

वरचेवर चष्म्याचा नंबर बदलत राहणं ही आणखी एक चूक. काही आजी-आजोबांना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागतो आणि सगळे खूश होतात. पण भिंग कडक होताना नंबर मायनसकडे सरकतो, म्हणून ते घडतं. पुढे लांबचं अंधूक होत जातं.

एक डोळा चांगला असला तर दुसऱ्याची खबर लागत नाही. अधूनमधून एकेक डोळा तळहाताने झाकून कॅलेंडर बघा.

मोतीबिंदू विरघळवणारे थेंब मिळतात यावर विश्वास ठेवू नका, आणि ऑपरेशनसाठी हिवाळ्याची वाटही बघू नका.

मधुमेह असेल तर आधी डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या, काचबिंदूही बघून घ्या. नजर या पडद्याच्या बिघाडामुळे किंवा काचबिंदूमुळे कमी झाली असेल तर नुसतं भिंग बदलून ती परत येणार नाही. मोतीबिंदू फार दाट झाला की पडदा नीट दिसतच नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल, कधीकाळी घेतलं असेल, तरी सर्जनना सांगा, कारण त्याने ऑपरेशनच्या वेळी बाहुली आकसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका.

नजर एकाएकी गेली, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखं झालं, तर मोतीबिंदूच असेल असं समजून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तान्ह्या बाळाची बाहुली पांढरी दिसली तर एक आठवडाही थांबू नका.