मवाळांवर उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘मवाळांची उद्दिष्टे व कार्यपद्धती स्पष्ट करा’ हा प्रश्न सोपा वाटतो आणि तिथेच गुण जातात. मवाळ म्हणजे राष्ट्रीय सभेतले (काँग्रेसमधले) सनदशीर मार्गाने मागण्या मांडणारे सुरुवातीचे नेते. १९०५ नंतर जहालांनी (टिळकांसारख्या उग्र मार्गाच्या नेत्यांनी) केलेली टीका विद्यार्थी १८८५ पासूनच्या सगळ्या कामाला लावतात आणि ‘अर्ज-विनंत्या केल्या, पदरी काही पडले नाही’ एवढ्यावर उत्तर संपवतात.

तारखेशिवाय उद्दिष्ट लिहू नका

‘स्वातंत्र्य मिळवणे हे मवाळांचे उद्दिष्ट होते’ हे वाक्य खोडा. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाला ७२ प्रतिनिधी जमले तेव्हा मागण्या होत्या कायदेमंडळांचा विस्तार करा, सनदी सेवेची (वरिष्ठ सरकारी पदांची) परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्या, लष्करी खर्च कमी करा अशा. वसाहतींच्या धर्तीचे स्वराज्य हे ध्येय गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ च्या बनारस अधिवेशनात अध्यक्ष म्हणून मांडले. ‘स्वराज्य’ हा शब्द दादाभाई नौरोजींनी १९०६ मध्ये कलकत्त्याच्या व्यासपीठावरून उच्चारला. दोन टप्पे वेगळे दाखवले की ध्येय कसे वाढत गेले ते आपोआप दिसते.

‘अर्ज-विनंत्या’ या दोन शब्दांवर थांबू नका

सर्वांत जास्त गुण इथे जातात, कारण पद्धतीचे नाव लिहिले जाते, पद्धत लिहिली जात नाही. मवाळांचे खरे हत्यार होते सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवणे. दादाभाईंनी सरकारी आकडेवारीवरूनच माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले आणि संपत्तीच्या निःसारणाचा, म्हणजे हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते, हा सिद्धांत उभा केला.

गोखल्यांचे १९०२ चे अंदाजपत्रकावरचे भाषण हे उदाहरण तर घ्याच. सरकार शिलकीचा अभिमान मिरवत होते. गोखल्यांचा मुद्दा असा, की पौंडाच्या तुलनेत रुपयाचा भाव घसरला म्हणून तूट भरण्यासाठी कर वाढवले. आता भाव सावरला, तरी कर तसेच आहेत. म्हणजे ही शिल्लक भरभराटीची खूण नाही, गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा आहे. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. मात्र ‘गोखल्यांनी कर कमी करून घेतला’ असे एकट्याच्या नावावर लिहू नका. तिजोरीत शिल्लक होती आणि राष्ट्रीय सभेची ही मागणी जुनी होती.

दुसरे उदाहरण १९०१ चे. मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल दुरुस्ती विधेयकावर घाई करू नका ही मागणी फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता सभागृहातून उठून गेले, गोखलेही गेले. सभात्याग हा शब्द मवाळांच्या उत्तरात फार क्वचित दिसतो, म्हणून तो जरूर लिहा.

स्वदेशी फक्त जहालांच्या रकान्यात टाकणे हीदेखील चूकच. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारला खादीच्या पोशाखात गेले होते. त्यांच्या पुणे सार्वजनिक सभेत (१८७०) सभासद होण्यासाठी किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार देणारे पत्र) लागे. प्रतिनिधित्वाचा विचार राष्ट्रीय सभेच्या आधी १५ वर्षे पुण्यात सुरू झाला होता.

१८९२ चा कायदा फुगवू नका

‘१८९२ च्या कायद्याने निवडणुका सुरू झाल्या’ असे लिहिले की परीक्षक थांबतो. हा कायदा कायदेमंडळांच्या विस्ताराचा. नगरपालिका, विद्यापीठे यांसारख्या संस्था नावे सुचवत आणि नेमणूक सरकार करी. अंदाजपत्रकावर बोलता येई, मतदान करता येत नसे; प्रश्न विचारता येई, उपप्रश्न नाही. हेच १८९३ च्या ठरावाचे. ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने सनदी सेवेची परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घेण्याचा ठराव मंजूर केला, पण सरकारने तो अमलात आणला नाही. हिंदुस्थानात परीक्षा १९२२ मध्ये सुरू झाली.

मर्यादा फक्त टिळकांच्या तोंडून सांगू नका

भाषा मवाळ होती, हा आक्षेप वरवरचा आहे. सामाजिक पाया अरुंद होता, हा खरा आक्षेप, आणि तो जोतीराव फुल्यांनी आधीच घेतला होता. शूद्रातिशूद्र शेतकरी जिथे नाही ती सभा ‘राष्ट्रीय’ कशी, असा त्यांचा रोख होता. हा मुद्दा नसलेले उत्तर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

नावांची सरमिसळही तपासा. गोखले राष्ट्रीय सभेचे संस्थापक नव्हेत, १८८५ मध्ये ते १९ वर्षांचे होते. ‘सर्व मवाळ समाजसुधारक’ हेही खरे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी समाजसुधारणेसाठी सामाजिक परिषद चालवली, पण सामाजिक प्रश्न राष्ट्रीय सभेबाहेर ठेवण्याचे धोरण दादाभाईंनी १८८६ च्या अध्यक्षीय भाषणातच सांगितले होते.

यशापयश लिहिताना गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वापरा. मार्च १९११ मध्ये मांडले, १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पुढे १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला.