रँचवर सेवेला निघालात? आमच्या सहा महिन्यांचा अनुभव

चर्चकडून मिशनरी सेवेचं पत्र आलं तेव्हा ह्यांनी आधी नकाशा उघडला. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातलं मार्टिन्स कोव्ह. कॅस्पर शहरापासून साधारण ५५ मैलांवर, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांच्या आसपास. "अगं, इथे तर नुसतं माळरान दिसतंय," हे म्हणाले. मी म्हटलं, "अहो, नगरकडच्या माणसाला माळरानाचं काय भ्या?"

आम्ही दोघं मूळचे नगर जिल्ह्यातले, पण नोकरीचा बराच काळ युटामध्ये गेला आणि तिथेच लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन, चर्चमध्ये आलो. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की दारोदार जाऊन उपदेश करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. चर्चमधली तरुण मुलं ते करतातही. निवृत्त जोडप्यांची सेवा मात्र बहुतेक वेळा हातांनी करायची असते. पगार नसतो, राहण्याखाण्याचा खर्च आपला. अर्ज बिशपमार्फत, म्हणजे आपल्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखामार्फत जातो आणि त्यासोबत डॉक्टर व दंतवैद्याची तपासणी लागते. ती तपासणी मनापासून करून घ्या. दाढ ठणकायला लागली तर ५५ मैलांचा रस्ता फार लांब वाटतो.

रँच म्हटल्यावर घोडे, दोरखंड, गुरांचे कळप असं काही मनात असेल तर ते आधीच काढून टाका. टॉम सन नावाच्या फ्रेंच-कॅनेडियन माणसाने १८७२ साली मार्टिन्स कोव्हजवळची ही रँच वसवली. पुढे चर्चने ती घेतली, कारण इथली जमीन १८५६ साली युटाकडे निघालेल्या चर्चच्या लोकांच्या हातगाडी-यात्रेशी जोडलेली आहे. त्यातल्या एडवर्ड मार्टिन यांच्या तांड्यात पाचशेहून अधिक माणसं होती, बहुतेक इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेली गरीब कुटुंबं. बैलगाडी परवडत नव्हती म्हणून सामान हातगाडीवर घालून ती पायी निघाली होती. निघायला उशीर झाला आणि १९ ऑक्टोबरला बर्फाने गाठलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जगले-वाचलेले लोक या डोंगराच्या कुशीत आडोशाला थांबले, तेच हे मार्टिन्स कोव्ह. शंभराहून अधिक माणसं वाटेत गेली. आज उन्हाळ्यात चर्चची तरुण मुलं इथे येऊन तशाच हातगाड्या ओढत त्या जागेपर्यंत चालत जातात. त्या मुलांची सोय बघणं, हेच आमचं काम.

सकाळी साडेपाचला उठायचं. प्रार्थना, वचनं, नाश्ता, मग संडास धुवायचे. हे स्पष्टच लिहिते, कारण पहिल्या आठवड्यात काही नव्या जोडप्यांचा चेहरा इथेच उतरतो. नऊच्या सुमारास गट येऊ लागतात. कुणी गाड्या वाटतं, कुणी पाण्याची पिंपं भरतं, कुणी जुन्या रँचच्या इमारती दाखवतं. ज्यांना चालवत नाही त्यांना छोट्या वाहनातून नेऊन आणायचं असतं. दुपारनंतर वारा सुटतो. तो वारा सांगून कळायचा नाही. टोपी हनुवटीखाली बांधा आणि गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा.

ह्यांच्या वाट्याला हातगाड्यांची दुरुस्ती आली आणि हा माणूस तीस वर्षांनी तरुण झाला. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, चाकाचे आरे खुळखुळतात, धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) सैल होते. ह्यांच्या वडिलांची बैलगाडी होती. उन्हाळ्यात चाक ओढ्यात बुडवून ठेवायचं, लाकूड फुगलं की धाव घट्ट बसते, हे ह्यांनी लहानपणी पाहिलेलं. संध्याकाळी चाकाच्या तुंब्याशी, म्हणजे मधल्या भागाशी, कान लावून, हळूच फिरवून, कुठला आरा बोलतोय ते ऐकायचे. १८५६ च्या गाड्याही अशाच मोडल्या होत्या, नीट न वाळलेल्या लाकडाच्या, घाईघाईने केलेल्या. आणि टॉम सनच्या रँचची ओळखच मुळी 'हब अँड स्पोक', म्हणजे तुंबा आणि आरे! हे कळलं त्या दिवशी ह्यांचे डोळे भरून आले होते.

माझी चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्याच मोठ्या गटासमोर मी तयार करून ठेवलेली सगळी माहिती उन्हात उभं राहून सांगितली. मागे एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली, तरी माझं लक्ष नव्हतं. तेव्हापासून आधी पाणी, मग सावली, मग बोलणं. बोलायचंही थोडंच. त्या हातगाडी-यात्रेत माणशी १७ पौंड सामानाची मुभा होती, म्हणजे साडेसात किलोच्या आसपास. तेवढ्या वजनाचं एक गाठोडं मी बांधून ठेवलं. मुलांच्या हातात ते द्यायचं आणि विचारायचं, "यात काय घ्याल?" एवढं पुरतं. परत येताना मुलं गप्प असतात. तेव्हा त्यांना गप्प राहू द्या, आपण फक्त गाड्या ताब्यात घ्याव्यात.

राहायला ट्रेलर. पलंगावरून उठलं की ओटा, ओट्यावरून वळलं की दार. नवरा निवृत्त होऊन घरी बसला की कुरबुरी होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, इथे तर रुसून बसायला दुसरी खोलीसुद्धा नाही. आम्ही एक ठरवलं होतं: रोज संध्याकाळी अर्धा तास ह्यांनी स्वीटवॉटर नदीकडे जायचं आणि मी ट्रेलरमध्ये एकटीने बसायचं. त्या अर्ध्या तासाने पुष्कळ निभावलं.

स्वयंपाकाचं म्हणाल तर प्रेशर कुकर घेतल्याशिवाय निघू नका. या उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन्‌तास टणक राहते. ज्वारीचं पीठ मी सॉल्ट लेकहून नेलं होतं. चहा आमच्या चर्चमध्ये वर्ज्य, पण वाळवलेला गवती चहा आणि आलं चालतं. शेजारच्या ट्रेलरमधल्या, आयडाहो राज्यातल्या सिस्टरना (मिशनरी बाईंना) ते इतकं आवडलं की रोज चारला त्यांचा कप आधी तयार असायचा. तिथे मिशनरी पुरुषांना एल्डर आणि बायकांना सिस्टर म्हणतात, पण ह्यांना मी शेवटपर्यंत 'अहो'च म्हणत राहिले. मग त्याही ह्यांना लांबून "अहो!" अशी हाक मारू लागल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी सगळ्या गाड्यांना वंगण घातलं आणि पुढच्या जोडप्यासाठी कागदावर लिहून ठेवलं, कुठल्या गाडीचं डावं चाक महिन्याने पुन्हा पाण्यात घालावं लागेल ते.